लाज कोणासमोर, धाक कशाचा?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेने मोटारसायकलला उडवले. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, त्यात गेले. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि साऱ्या महाराष्ट्रात संतापाचा भडका उडाला. त्या आठवड्यात कट्ट्यांवर, रेल्वेच्या डब्यांत, घराघरांत एकच मागणी ऐकू येत होती. याला चौकात उभा करा, याचा फोटो लावा, याची धिंड काढा.

तो संताप मला परका नाही. चोवीस वर्षांची दोन मुले घरी परत येत नाहीत आणि बदल्यात निबंध मागितला जातो, हे ऐकून ज्याचे रक्त उसळत नाही त्याच्याशी रस्त्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तरीही त्या मागणीला एक प्रश्न विचारायलाच हवा. अशी धिंड निघाली म्हणून पुढच्या शनिवारी रात्री पबमधून, बारमधून, ढाब्यावरून बाहेर पडणारा माणूस गाडीची किल्ली खिशातच ठेवेल का? माझे उत्तर आहे, नाही. आणि धिंड काढल्याच्या समाधानात आपण जे सोडून देतो, त्याची किंमत पुढच्या मोटारसायकलवरचा माणूस मोजतो.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड दोन हजार होता. ज्याच्या दारात कोट्यवधीची गाडी उभी आहे त्याला दहा हजार म्हणजे एका रात्रीचे बिल. अशा माणसाकडे गमावण्यासारखे एकच असते, प्रतिष्ठा. मग तिच्यावरच घाव घाला, असे लोक म्हणतात. शिवाय आपल्याकडे याचा दाखलाही आहे. राळेगणसिद्धीत दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून चोप दिल्याचे अण्णा हजारे यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, आणि त्या गावातली दारू सुटली हेही सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

पण राळेगण हे गाव आहे. तिथे खांबाला बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पारावर, त्याच माणसांसमोर, त्यांच्याच नजरेखाली वावरणार असतो. त्याच्या बायकोला बघणारे, त्याच्या पोराला शाळेत ओळखणारे, त्याला उसनवारी देणारे लोक तेच असतात. अशा ठिकाणी लाजेला धार असते, कारण ज्यांच्यासमोर मान खाली जाते त्यांच्यावाचून दिवस निघत नाही. (मारहाणीचे समर्थन यातून होत नाही, ते वेगळेच प्रकरण आहे.) मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेजारच्या लेनमधल्या माणसाची नजर कोणाला बोचते? शहरात ज्या गर्दीसमोर आपण माणसाला उभा करू पाहतो, तिच्याशी त्याचे काहीच देणेघेणे नसते. आणि ज्यांच्याशी असते, ते दोस्त, भाऊबंद, धंद्यातले भागीदार, बहुतेकदा त्याच टेबलावर बसलेले असतात. त्यांच्या दृष्टीने पकडला गेलेला माणूस गुन्हेगार नसतो, फक्त कमनशिबी असतो. ‘अरे, आज नेमका सापडला बिचारा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे, काहींनी म्हटलेही आहे.

दुसरा मुद्दा त्याहून साधा आहे, पण त्यावर कोणी फारसे बोलत नाही. दारू पोटात गेल्यावर माणसाचे जे पहिले सुटते ते भीड आणि संकोच. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा मोठ्याने गाऊ लागतो, साहेबापुढे वाकणारा साहेबाला सुनावतो. म्हणजे ज्या भावनेच्या भरवशावर आपण हा गुन्हा रोखू पाहतो, तीच भावना गुन्ह्याच्या क्षणी बंद पडलेली असते. तीन पेग झालेल्या माणसाला उद्याच्या वर्तमानपत्रातला आपला फोटो दिसत नाही. त्याला वीस मिनिटांवरचे घर दिसते, आणि याआधी कितीतरी वेळा आपण असेच सुखरूप पोचलो हे आठवते. धाक कामाला लागायचा असेल तर तो पहिल्या घोटाच्या आधी लागला पाहिजे. संध्याकाळी घरातून निघताना, गाडी घ्यायची की रिक्षा करायची हे ठरवताना.

लाजेची भीती दुसरेही काही करते. ती माणसाला लपायला लावते, आणि या गुन्ह्यात लपणे फायद्याचे असते. रक्तातले मद्य तासागणिक उतरत जाते. पुरावा शरीरातच असतो आणि शरीरच तो पुसून टाकते. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत स्कूटरवरून मासे घेऊन परतणाऱ्या कोळी जोडप्याला एका बीएमडब्ल्यूने धडक दिली, त्यातल्या बाईंना गाडीने फरपटत नेले, त्या गेल्या. चालक पळाला आणि दोन दिवसांनंतर पोलिसांच्या हाती लागला. दोन दिवसांनी घेतलेल्या रक्तातून काय सिद्ध होणार? कल्याणीनगरच्या प्रकरणात तर ससून रुग्णालयातच रक्ताचा नमुना बदलल्याचा, मुलाच्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवल्याचा आरोप झाला आणि दोन डॉक्टरांना अटक झाली. त्या पहाटे चौकात हजारो लोक ओरडत उभे असते तरी त्या बाटलीतले रक्त बदलायचे थांबले नसते. ते थांबले असते नमुना घेण्याच्या खोलीत कॅमेरा असता, दोन स्वतंत्र नमुने वेगळ्या ठिकाणी गेले असते आणि घेणाऱ्याच्या सहीखाली वेळ लिहिलेली असती तर. पण अशा गोष्टींसाठी मोर्चा निघत नाही.

त्याच दिवसांत त्या मुलाचा म्हणून एक उर्मट रॅप व्हिडिओ घरोघरी फिरला. तो व्हिडिओ त्याचा नव्हताच, वेगळ्याच एका तरुणाचा होता. तोवर लाखो लोकांनी त्या तरुणाला शिव्या देऊन घेतल्या होत्या. गर्दीच्या न्यायात अपिलाची सोय नसते. २०२० मध्ये लखनऊत आंदोलकांची नावे-छायाचित्रे असलेले फलक प्रशासनाने चौकाचौकांत लावले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ते काढण्याचा आदेश दिला, कारण दोष सिद्ध होण्याआधी माणसाला चौकात टांगण्याचा अधिकार कोणताही कायदा सरकारला देत नव्हता. गुन्हा वेगळा असला तरी हे तत्त्व मद्यपी चालकालाही लागू होते, तो आपल्याला कितीही नावडता असो.

अमेरिकेत हा प्रयोग रीतसर झाला आहे. ओहायो राज्यात १९६७ पासून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या गाडीला पिवळ्या पाटीवर लाल आकडे लावण्याची तरतूद आहे आणि २००४ पासून काही गुन्ह्यांसाठी ती सक्तीची झाली. जॉर्जियात एका न्यायाधीशाने दोषीला भडक गुलाबी कडे घालायला लावले होते. टेक्सासमध्ये टेड पो या न्यायाधीशाने दोन जीव घेणाऱ्या तरुणाला फलक घेऊन लोकांसमोर उभे राहण्याची शिक्षा दिली. या शिक्षांना बातम्यांत भरपूर जागा मिळाली. पण ओहायोतली ती पिवळी पाटी गाडीला लागते, माणसाला नाही. त्याच गाडीतून त्याची बायको भाजी आणायला जाते, मुलगी कॉलेजला जाते. शिक्षा झालेला घरी बसतो आणि निरपराध माणूस त्याची पाटी मिरवतो. आपल्याकडे तर घराचे नाव हीच मोठी ठेव मानली जाते. इथे चौकातल्या फोटोची झळ आधी आईला आणि बहिणीच्या लग्नाला लागेल, त्याला स्वतःला सर्वांत शेवटी.

यावर कोणी म्हणेल की अपमान करू नका, पण लाज तर वाटू द्या. जवळच्या माणसांसमोर बसवा, समजावा, आणि परत पंगतीत घ्या. ऑस्ट्रेलियन विचारवंत जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात हाच भेद मांडला. एक लाज माणसाला समाजाबाहेर फेकते, दुसरी त्याला चूक दाखवून परत आत घेते. मला हा विचार मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्याचे पुढे काय झाले ते सांगणे मला महत्त्वाचे वाटते. १९९५ ते २००० या काळात कॅनबेरात या कल्पनेची कसून परीक्षा झाली. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या सुमारे ९०० जणांपैकी कोणाला न्यायालयात पाठवायचे आणि कोणाला घरच्या, जवळच्या माणसांच्या बैठकीत बसवायचे हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छेने ठरवले गेले. बैठकीत बसलेल्यांना ती प्रक्रिया न्यायालयापेक्षा न्याय्य वाटली, आपल्या कृत्याची लाजही त्यांना जास्त वाटली. हिंसेच्या गुन्ह्यांत पकडलेल्या तरुणांच्या बाबतीत अशा बैठकांनी पुढचे गुन्हे खरोखर घटले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांत मात्र घटले नाहीत. उलट न्यायालयात गेलेल्यांच्या तुलनेत किंचित वाढले.

असे का व्हावे? अभ्यासकांनी दिलेले एक कारण फार साधे आहे. न्यायालय परवाना निलंबित करू शकत होते, बैठकीला तो अधिकार नव्हता. रडून, माफी मागून, मिठी मारून माणूस घरी गेला, आणि किल्ली त्याच्या खिशातच राहिली. दुसरे कारण माझ्या मते या गुन्ह्याच्या स्वभावात आहे. मारामारीच्या बैठकीत समोर मार खाल्लेला माणूस बसलेला असतो, त्याचे तुटलेले दात दिसतात. नाकाबंदीवर पकडलेल्या चालकासमोर कोणीच बसलेले नसते, कारण त्या रात्री सुदैवाने कोणी मेलेले नसते. जे घडलेच नाही त्याची लाज माणूस किती दिवस बाळगणार?

इतक्या प्रेमाने, इतक्या जवळच्या माणसांसमोर वाटलेली लाज जिथे पुरी पडली नाही, तिथे अनोळखी गर्दीसमोरची धिंड काय करणार?

मग काय चालते, याचे उत्तर जगाला आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. ब्रिटनमध्ये १९६७ च्या ऑक्टोबरात श्वासचाचणीचा कायदा आला. मोठा गाजावाजा झाला, लोक घाबरले, रात्रीचे अपघात झपाट्याने घटले. काही वर्षांत ते पुन्हा वाढले. कायदा तोच होता, शिक्षा तीच होती, पण आपल्याला कोणी थांबवतच नाही हे लोकांच्या ध्यानात आले होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी या चढउताराचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की शिक्षेच्या कडकपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसाला अडवते, आणि ती खात्री खोटी निघाली की धाक विरून जातो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने हा धडा घेतला. डिसेंबर १९८२ पासून तिथे संशय असो-नसो, कोणत्याही चालकाला रस्त्यात थांबवून फुंकायला लावण्याचा अधिकार पोलिसांनी वापरायला सुरुवात केली. पहिल्या वर्षभरात दर तीन परवानाधारकांमागे सुमारे एक तपासणी इतक्या प्रमाणात. रस्त्यावरचे मृत्यू लगेच घटले आणि मोहीम चालू राहिली म्हणून घट टिकली. त्याचा अभ्यास करणाऱ्या रॉस होमेल यांना आढळलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. या तपासण्यांनी पिणाऱ्यांना मित्रांसमोर नाही म्हणण्याची एक इभ्रतीची सबब दिली. ‘आज नको, गाडी आहे, रस्त्यात पकडतील’ असे म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नव्हते.

आपल्या टेबलावर हे किती लागू पडते ते पाहा. ‘एक घे रे, एकाने काय होतंय’ म्हणणारा आग्रह आपण पाहुणचार समजतो. गटारीला, एकतीस डिसेंबरला, मित्राच्या बढतीला किंवा हळदीच्या रात्री नाही म्हणणाऱ्याचीच लाज काढली जाते. २००७ च्या मध्यापासून मुंबईत वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध नेटाने मोहीम चालवली आणि काही दिवसांची का होईना, कैद होऊ लागली, तेव्हा याच शहरातल्या लोकांनी ड्रायव्हर ठेवायला, टॅक्सीने जायला सुरुवात केली. मुंबईकर अचानक सज्जन झाले होते असे नाही. रात्री अमुक पुलाखाली नाकाबंदी असते आणि तिथून सुटका नाही, एवढेच त्यांना कळले होते. ज्या शहरांत नाकाबंदी फक्त ३१ डिसेंबरला आणि ठरलेल्या चौकात लागते, जिथे ‘इकडून जाऊ नका, समोर उभे आहेत’ असा निरोप मिनिटात फिरतो, आणि जिथे चिरीमिरी देऊन सुटता येते, तिथे हा धाक उरत नाही.

आता मी एक अवघड गोष्ट म्हणणार आहे. महाराष्ट्रात लाज कमी नाही. ती चुकीच्या जागी आहे. आपली लाज पिण्याला चिकटलेली आहे, पिऊन गाडी चालवण्याला नाही. कायद्याने आजही आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो, घरी वडिलांसमोर त्याचे नाव काढत नाहीत, सुनेला सासऱ्यांचा ‘कार्यक्रम’ ठाऊक असतो पण तो बोलायचा नसतो. परिणाम काय होतो? ज्या मुलाला रात्री एक वाजता बापाला फोन करून ‘बाबा, मी प्यायलोय, मला न्यायला या’ असे सांगण्याची सोय नाही, तो दुचाकीला किक मारतो. ज्या मास्तरांना आपली गाडी सकाळपर्यंत बारसमोर उभी दिसलेली परवडत नाही, ते झिंगलेल्या अवस्थेत तीच गाडी चालवत घरी नेतात. अब्रू वाचवायला निघालेले हे लोक राक्षस नाहीत. पण रस्त्यावरच्या माणसाला धडक तीच बसते. पिण्याची लाज जितकी वाढवाल तितके लोक लपून पितील आणि लपूनच घरी परततील.

जपानने ही लाज योग्य जागी नेली. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका शहरात महापालिकेचा एक कर्मचारी दारू पिऊन गाडी चालवत होता. त्याच्या धडकेने पुढची गाडी पुलावरून समुद्रात गेली आणि तीन लहानग्या भावंडांचा जीव गेला. देश हादरला. २००७ मध्ये कायदा बदलून प्यायलेल्याला गाडी देणारा, त्याला दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसून जाणारा अशा तिघांनाही शिक्षेच्या कक्षेत आणले गेले. लाज अपघातानंतरच्या चौकातून उठून अपघाताआधीच्या टेबलावर आली. यजमानाला विचारावे लागू लागले की तू गाडी घेऊन आलायस का?

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. सरकारी नोंदींत यातले जेमतेम अडीच टक्के मृत्यू दारूच्या खात्यावर आहेत, तर सत्तर टक्क्यांच्या आसपास भरधाव वेगाच्या. ज्याने रात्रीचा महामार्ग आणि कडेचे ढाबे पाहिले आहेत त्याला त्या अडीच टक्क्यांवर विश्वास ठेवणे जड जाईल. अपघातानंतर वेळेवर रक्त तपासले नाही की कागदावर फक्त वेग उरतो. धिंडीची मागणी करणारा समाज त्या कागदाकडे पाहत नाही, आणि त्यामुळे तो कागद तसाच राहतो.

परवान्याचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले आहे की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. यासाठी नवा कायदा नको, चौकात फलक नको, कोणाच्या आईला मान खाली घालायला लावायला नको. पोलिसांनी पकडलेल्याची फाइल आरटीओपर्यंत पोचावी आणि तिथे तिच्यावर सही व्हावी, एवढेच हवे.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी आहे. पुढच्या अपघातानंतर कोणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहा. आपल्या शहरात गेल्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना किती जण पकडले, त्यांतल्या कितींचे परवाने निलंबित झाले, वर्षातल्या किती रात्री नाकाबंदी लागली, आणि अपघातानंतर किती वेळात रक्ताचे नमुने घेतले गेले, हे विचारा. उत्तर आले की नगरसेवकाला, आमदाराला, स्थानिक वर्तमानपत्राला दाखवा. आणि तुमच्या घरी कोणी प्यायला बसणार असेल तर पहिला ग्लास भरण्याआधी किल्ल्या मागून घ्या. आपल्या मुलाला आजच सांगून ठेवा की रात्री कितीही वाजले आणि तो कुठल्याही अवस्थेत असला तरी त्याने फोन करावा, तुम्ही न्यायला याल आणि त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही.